वाचक विचारतात : नाउमबुर्गच्या कॅथेड्रलमधले ते बारा जण

मागच्या अंकात जर्मनीतल्या नाउमबुर्ग कॅथेड्रलमधल्या उटा या सरदार घराण्यातल्या बाईच्या पुतळ्याचा फोटो आणि खाली चार ओळी छापल्या होत्या. त्यावर एवढे प्रश्न आलेत की यावेळचं अख्खं सदर त्यालाच देतेय. सारखे प्रश्न एकत्र केलेत.

प्रश्न : ताई, फोटो फार आवडला, पण एक कळलं नाही. ही बाई देवी नाही, संत नाही, मेरी नाही. मग चर्चच्या आत एवढ्या मानाच्या जागी तिचा पुतळा कसा काय? (पुण्याहून एक वाचक)

अगदी मुद्द्याला हात घातलात. नाउमबुर्ग हे पूर्व जर्मनीत झाले (Saale) नावाच्या नदीकाठचं छोटं गाव आहे. तिथल्या कॅथेड्रलच्या पश्चिम टोकाला एक कॉयर आहे, म्हणजे वेदीभोवतीची जागा, जिथे धर्मगुरू बसून रोजच्या प्रार्थना म्हणायचे आणि सामान्य माणसाला सहसा प्रवेश नसायचा. साधारण १२५०च्या सुमारास हा भाग बांधला आणि तिथे भिंतीला लागून उंचावर बारा पुतळे उभे केले, जवळजवळ माणसाएवढे, आणि बारापैकी एकही संत नाही. अशा जागी बारा म्हटलं की कोणालाही येशूचे बारा शिष्य आठवणार, पण इथे उभे आहेत सरदार आणि त्यांच्या घरातल्या बायका! त्या काळात सरदार किंवा राजाची मूर्ती चर्चमध्ये असायची ती बहुतेक थडग्यावर आडवी, डोळे उघडे असले तरी झोपलेली. इथे हे लोक उभे आहेत, तलवार धरून, पदर सावरून, एकमेकांकडे बघत किंवा मुद्दाम न बघत.

हे कोण, तर कॅथेड्रलला जमीनजुमला देणारे दाते. १०२८ मध्ये बिशपची गादी झाइट्झ गावातून नाउमबुर्गला हलवली, आणि त्यासाठी हेरमान आणि एकेहार्ड या दोन भावांनी, म्हणजे माइसनच्या मारग्राफांनी (मारग्राफ म्हणजे सीमेवरच्या प्रांताचा सरदार), आपली वाडवडिलांची जागा दिली. उटा ही एकेहार्डची बायको, रेगलिंडिस ही हेरमानची बायको, पोलंडच्या बोलेस्लाव राजाची मुलगी. एकेहार्ड १०४६ मध्ये वारला, उटाही त्याच वर्षापर्यंत गेली होती, आणि त्यांना मूलबाळ नव्हतं म्हणून ते घराणंच तिथे संपलं.

आता तारखा परत बघा. माणसं गेली ११व्या शतकात आणि पुतळे झाले १३व्या शतकात, मध्ये २०० वर्षं. म्हणजे ज्या शिल्पकाराने उटाचा चेहरा घडवला त्याने तिला बघितलं नव्हतं, त्याच्या आजोबांनीही नव्हतं, तिचं चित्रही समोर नसणार. आपण फोटो बघून म्हणतो की ही बाई खरीखुरी वाटते, आणि ती खरीखुरी वाटायला लावणं हे सगळं त्या माणसाच्या हातांनी केलंय. मला या कॅथेड्रलबद्दल सगळ्यात थोर वाटतं ते हेच, बाकीचं सगळं मी याच्यानंतर ठेवते.

२०० वर्षांनी यांची आठवण का झाली याचाही कागद आहे. १२४९ मध्ये बिशप डिट्रिश दुसरा आणि त्याच्या धर्मगुरूंनी एक पत्र काढलं, त्यात या पहिल्या दात्यांची नावं घेतलीत आणि सांगितलंय की त्यांनी जसं दान करून पुण्य जोडलं तसं आता तुम्हीही बांधकाम पुरं करायला हातभार लावा. सरळ निधीसाठीचं आवाहन आहे ते. पण पुतळे निव्वळ पैसे गोळा करायला उभे केले असं मला वाटत नाही, कारण कॉयरमध्ये या मेलेल्या लोकांच्या आत्म्यासाठी प्रार्थना व्हायच्या आणि ज्यांच्यासाठी प्रार्थना त्यांनाच तिथे हजर केलंय. शिवाय झाइट्झवाल्यांचा गादीवरचा दावा बरीच वर्षं चालू होता, तेव्हा 'आमचे संस्थापक बघा हे उभे आहेत' असं दाखवायची गरजही असू शकते, काही इतिहासकार तसं मांडतात.

प्रश्न : कोणता पुतळा कोणाचा हे कसं ठरवलं? खाली पाट्या आहेत का? (नागपूर)

खाली पाट्या नाहीत, पण काही पुरुषांच्या ढालींच्या कडेवर लॅटिनमध्ये अक्षरं आहेत. एकेहार्डच्या ढालीवर त्याचं नाव आणि मारग्राफ ही पदवी आहे. विल्हेल्मच्या ढालीवर 'संस्थापकांपैकी एक' असं आहे. तिमो नावाच्या सरदाराच्या ढालीवर लिहिलंय की याने चर्चला सात गावं दिली. आणि डिटमारच्या ढालीवर 'मारला गेलेला' असं आहे. हा डिटमार म्हणजे राजद्रोहाच्या आरोपावरून झालेल्या द्वंद्वात १०४८ मध्ये मेलेला सरदार असं बहुतेक अभ्यासक मानतात, आणि मजा बघा, पुतळ्यात तो ढाल अंगासमोर घट्ट धरून, भुवया ताणून, आत्ता वार येणार अशा तयारीत उभाय. कॉयरच्या अगदी आत, वेदीच्या जवळ, एक द्वंद्वात मारला गेलेला माणूस! एवढं धाडस दुसरीकडे कुठे बघितल्याचं मला आठवत नाही.

बायकांकडे ढाली नाहीत त्यामुळे त्यांची नावंही कोरलेली नाहीत. उटाला आपण उटा म्हणतो ते ती एकेहार्डच्या शेजारी आहे आणि १२४९च्या पत्रात एकेहार्डसोबत उटाचं नाव आहे म्हणून. पत्रातली यादी आणि पुतळे सगळीकडे जुळत नाहीत, तिमोचं नाव पत्रात नाहीच. म्हणून काही पुतळ्यांच्या नावांवर अजून वाद चालू आहेत.

प्रश्न : उटा नवऱ्यावर रागावलेली आहे असं एका व्हिडिओत ऐकलं, कॉलर वर करून तिने तोंड लपवलंय म्हणे. खरं का? (ठाणे)

कॉलर वर आहे हे खरं. उजव्या हाताने झग्याची कॉलर आतून धरून गालापर्यंत ओढलीये, आणि तीही एकेहार्डच्या बाजूने, म्हणून लोकांनी संसाराची गोष्ट रचली. मला विचाराल तर डाव्या हाताकडे बघा. त्या हाताने तिने झग्याचा जड घोळ उचलून धरलाय, बोटं कापडात रुतलीत, आणि ते कापड जाड लोकरीचं आहे हे दगडातून कळतं. थंड दगडी इमारतीत उभी असलेली बाई झगा लपेटून घेणारच. खानदानी बायकांनी झगा कसा धरावा याच्याही त्या काळी रीती होत्या, समोरची रेगलिंडिसही झग्याशी हात नेऊनच उभी आहे, फक्त ती हसतेय, गालाला खळी पडेल इतकी मनापासून. तिच्या शेजारी हेरमान मात्र खिन्न, मान किंचित कललेली. दोन जोडपी समोरासमोर, दोन भाऊ दोन स्वभावांचे, दोन जावा दोन स्वभावांच्या. हे असं प्रत्येकाला वेगळा स्वभाव देणं १२५०च्या जर्मनीत कुठून आलं हा खरा प्रश्न आहे, आणि एकट्या उटाचा फोटो बघून तो पडतच नाही. बाराही एकत्र बघायला हवेत. एक पोक्त बाई पुस्तक हातात घेऊन आहे, तिच्याकडे तर कोणी कॅमेराही वळवत नाही, मला वाईट वाटतं.

प्रश्न : शिल्पकार कोण? नाव कुठे सापडत नाही. (कोल्हापूर, आणि याच अर्थाची आणखी पत्रं)

नाव कोणालाच माहीत नाही. सही नाही, हिशेबाचा कागद नाही. अभ्यासक त्याला 'नाउमबुर्गचा मास्टर' म्हणतात. तो एकटा नव्हता, त्याच्या हाताखाली दगडफोड्यांची, कारागिरांची पूर्ण टोळी असणार, आणि अशा टोळ्या एक काम संपलं की दुसऱ्या गावी जायच्या. यांचा माग दगडांवरूनच काढलाय. फ्रान्समध्ये राँस (स्पेलिंग वाचून आपण रीम्स म्हणतो) इथल्या कॅथेड्रलच्या कामाशी यांची ओळख होती हे पानांच्या आणि चेहऱ्यांच्या घडणीवरून दिसतं. मग जर्मनीत माइन्झला त्यांनी कॅथेड्रलमध्ये दगडी पडदा, म्हणजे लोकांची जागा आणि कॉयर यांच्यामधली भिंत, केला, तिथलं कॅथेड्रल १२३९ मध्ये पवित्र केलं गेलं. तो पडदा पुढे १७व्या शतकात पाडला, पण तुकडे वाचले. त्यातला एक बासेनहाइम गावच्या चर्चमध्ये आहे, संत मार्टिन घोड्यावरून वाकून आपला झगा तलवारीने कापून भिकाऱ्याला देतोय असा, तो बघितलात की हाच हात आहे हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. माइन्झनंतर नाउमबुर्ग आणि नंतर माइसनचं कॅथेड्रल. २०११ मध्ये नाउमबुर्गला याच मास्टरवर मोठं प्रदर्शन झालं, तेव्हा ठिकठिकाणचे तुकडे एका गावात आले होते.

यातही मतं आहेत हां. एकच डोकं या सगळ्यामागे होतं असं काही जण म्हणतात, तर काहींच्या मते आपण एका मोठ्या कार्यशाळेला उगाच एका माणसाचा चेहरा देतोय. मला आपलं वाटतं की बारा पुतळे आणि त्यांच्यासमोरचा पडदा यांची योजना तरी एकाच डोक्यातून आलेली आहे, मग छिन्नी कोणाच्याही हातात असो.

प्रश्न : हे पुतळे घडवून मग भिंतीला चिकटवले की कसं? आणि दगड कुठला? रंग होता का? (सांगलीचे एक शिल्पकार वाचक)

दगड जवळचाच, फ्रायबुर्ग परिसरातला चुनखडक. पुतळा आणि त्याच्यामागचा भिंतीचा खांब एकाच दगडातून काढलेत, म्हणजे हे पुतळे नंतर आणून ठेवलेले नाहीत, ते बांधकामाचाच भाग आहेत. तुम्ही स्वतः काम करता त्यामुळे याचा अर्थ तुम्हाला माझ्याहून जास्त कळेल, भिंत चढत असताना कुठल्या उंचीवर कोण, कोणाचा चेहरा कुठल्या दिशेला, कमान कुठून सुटणार हे सगळं आधी ठरलेलं पाहिजे, चुकलं तर पुतळा बदलता येत नाही कारण वरचं बांधकाम त्यावर आहे. गवंडी आणि मूर्तिकार वेगळे नव्हतेच तिथे.

रंग होता, भरपूर. आज आपल्याला फिकट दगड दिसतो पण जवळून लाल, हिरवा, सोनेरी रंगाचे अंश अजून दिसतात. नंतरच्या शतकांत ते परत रंगवलेही गेले, त्यामुळे आज दिसणारा सगळाच रंग मूळचा नाही. वरून खिडक्यांतल्या रंगीत काचांचा उजेड पडायचा, तो आजही पडतो, आणि त्यातल्या काही काचा १३व्या शतकातल्याच आहेत.

प्रश्न : वर पडदा म्हणालात तो काय प्रकार? चर्चच्या मधोमध भिंत कशाला? (औरंगाबादहून कॉलेजच्या विद्यार्थिनी)

बरं झालं विचारलंत, कारण माझ्या मते हा पडदाही पुतळ्यांच्याच तोडीचा आहे आणि लोक त्याच्यातून घाईघाईने उटाकडे जातात.

लोक उभे राहायचे त्या मोठ्या दालनात आणि धर्मगुरू असायचे कॉयरमध्ये, दोघांच्या मध्ये दगडी भिंत घालायची पद्धत होती. बहुतेक ठिकाणी पुढे या भिंती पाडल्या. नाउमबुर्गला पूर्वेला एक आणि पश्चिमेला एक अशा दोन्ही शिल्लक आहेत हेच मोठं नशीब. पूर्वेकडची १२३०च्या आसपासची, साधी. पश्चिमेकडची आपल्या मास्टरची.

आधीच्या रीतीत क्रूसावरचा येशू या भिंतीच्या वर, खूप उंचावर असायचा, राजासारखा. मास्टरने त्याला खाली आणलं. दाराच्या मधोमध क्रूस आहे, दाराची चौकट म्हणजेच क्रूस असं म्हटलं तरी चालेल, आणि आत जायचं तर येशूच्या पसरलेल्या हातांखालून जावं लागतं, डाव्या नाहीतर उजव्या हाताखालून. दोन्ही बाजूंना त्याची आई मेरी आणि शिष्य जॉन. मेरी मुलाकडे बघत नाही, ती तुमच्याकडे बघते आणि हाताने त्याच्याकडे दाखवते. जॉन हात पिळत रडतोय, तोंड वेडंवाकडं झालंय. शोक असा कुरूप दाखवायची हिंमत लागते. ज्याला आत जाता येत नव्हतं त्या गावकऱ्याला सुद्धा हे हाताच्या अंतरावर मिळालं, त्याच्याच उंचीला.

वरच्या पट्टीवर येशूच्या शेवटच्या दिवसांच्या गोष्टी, डावीकडून उजवीकडे वाचत जायच्या. शेवटचं जेवण, त्यात बाराऐवजी मोजकेच शिष्य घेतलेत पण टेबलावर दाटी अशी की खांद्याला खांदा, कोणी खातोय कोणी पितोय, साधी भुकेली माणसं. मग येशूला दगा देणारा शिष्य ज्यूडास, त्याला पैसे देतात तो प्रसंग, नाणी हातातून हातात पडतायत ती मोजता येतील अशी. मग येशूची अटक, त्याचा शिष्य पीटर तलवारीने सेवकाचा कान कापतोय. मग दासीने ओळखल्यावर पीटर 'मी त्याला ओळखत नाही' म्हणतो तो प्रसंग, मग येशूला शिक्षा देणारा रोमन सुभेदार पाइलेट हात धुतोय. शेवटचे दोन प्रसंग बघताना जाणवतं की जीव कमी झालाय, ते लाकडाचे आहेत, १५३२च्या आगीनंतर १८व्या शतकात नव्याने केलेले.

एक गोष्ट मात्र विद्यार्थिनींना मुद्दाम सांगते. पैसे देणाऱ्या लोकांच्या डोक्यावर टोकदार टोप्या आहेत. मध्ययुगीन युरोपात ज्यू माणूस दाखवायची ती खूण होती, आणि अशा चित्रांनी, अशा प्रवचनांनी शेजारच्या ज्यू लोकांबद्दल विष पेरलं. शिल्प अप्रतिम आहे आणि त्यातलं हे विषही खरं आहे, दोन्ही एकत्रच बघावं लागतं.

प्रश्न : नाझींनी उटाचा वापर केला होता असं वाचलं. (नाशिक)

हो. शेकडो वर्षं उटाला फारसं कोणी विचारत नव्हतं. १९२०च्या दशकात वाल्टर हेगे नावाच्या फोटोग्राफरने या पुतळ्यांचे जबरदस्त फोटो काढले, उजेड सावलीचा असा खेळ की दगड जिवंत व्हावा, आणि उटा घराघरात गेली. पुढे नाझींनी तिला 'आदर्श जर्मन स्त्री' म्हणून प्रचारात उभं केलं, आधुनिक कलेला विकृत ठरवताना हिच्या चेहऱ्याशी तुलना करायचे. त्यात गंमत नाही, संताप आहे, कारण ज्या कारागिरांनी हे केलं ते फ्रान्समधून शिकून आलेले, आणि समोर हसत उभी आहे ती पोलंडच्या राजाची मुलगी. या कॉयरमध्ये 'शुद्ध जर्मन' असं काही शोधायचं तर आधी डोळे मिटावे लागतील.

प्रश्न : एकाच इमारतीत काही कमानी गोल, काही टोकदार दिसतात, हे कसं? (पणजी)

बांधकाम लांबलं म्हणून. आजच्या इमारतीचं काम १२१०च्या सुमारास जुन्या रोमनेस्क (गोल कमानींच्या) पद्धतीने सुरू झालं, पूर्वेकडच्या कॉयरखालचं तळघर त्याहूनही जुनं, १२व्या शतकातलं. पश्चिमेला येईपर्यंत टोकदार कमानींची गॉथिक पद्धत आली होती. चार मनोऱ्यांपैकी नैर्ऋत्येचा तर १८९४ मध्ये पूर्ण झाला.

प्रश्न : झाडंपानं कोरलेली आहेत का? मी वनस्पतिशास्त्र शिकवते. (रत्नागिरी)

मॅडम, तुम्ही तर जाच! पडद्यावरच्या आणि कॉयरमधल्या खांबांच्या माथ्यावर पानंच पानं आहेत, आणि ती नुसती नक्षी नाही, झाड ओळखता येतं. हेझलची पानं फळांसकट, द्राक्षवेल, आणि मगवर्ट, म्हणजे आपल्या दवण्याच्याच वंशातली आर्टेमिसिया. जोतिबाला वाहतो त्या दवण्याची ही लांबची बहीण जर्मनीत दगडात बघायला मिळते. पानांच्या मागून छिन्नी घालून दगड इतका पोखरलाय की पान मोकळं उभं राहतं आणि मागे काळोख दिसतो. ही सगळी तिथल्या वाटेवरची, कुंपणावरची झाडं आहेत. नाउमबुर्गच्या भोवती आजही द्राक्षमळे आहेत, त्यामुळे बाहेर पडून पान पडताळून बघता येईल.

प्रश्न : मुलगी लाइपझिगला शिकते, आम्ही मे महिन्यात जातोय. कसं जायचं, किती वेळ ठेवायचा? (डोंबिवली)

लाइपझिगहून ट्रेनने साधारण तासाभरात पोचता, स्टेशनवरून जुन्या गावाकडे छोटी ट्राम जाते. अर्धा दिवस तरी ठेवा. पुतळे उंचावर आहेत म्हणून लहान दुर्बीण असली तर न्या. आधी पडदा, मग आत, हा क्रम मोडू नका, तो बांधणाऱ्यांनीच घालून दिलाय. मनोऱ्यातल्या एलिझाबेथ चॅपलमध्ये संत एलिझाबेथची दगडी मूर्ती आहे, ती बाई १२३१ मध्ये गेली आणि मूर्ती त्यानंतर काही वर्षांतच झाली, आणि तिथल्या लाल काचेच्या खिडक्या २००७ मधल्या, लाइपझिगच्याच निओ राउख या चित्रकाराच्या. जुन्यानव्याची एवढी चांगली जोडी क्वचित बघायला मिळते. पूर्वेच्या पायऱ्यांना पितळी रंगाचे ब्राँझचे कठडे आहेत, त्यावर छोटे प्राणी आहेत, सोबत लहान मुलं असतील तर तिथे रमतील.

अजून एक, पश्चिम कॉयरमधल्या वेदीवरून गेली काही वर्षं तिथे वाद चाललाय. लुकास क्रानाख या १६व्या शतकातल्या चित्रकाराने केलेल्या चित्रफलकांच्या वेदीचा मधला भाग १५४१ मध्ये मूर्तिभंजकांनी फोडला होता, २०२२ मध्ये मिखाएल ट्रीगल या चित्रकाराने तो नव्याने रंगवून वेदी पूर्ण केली आणि कॉयरमध्ये उभी केली. नाउमबुर्ग २०१८ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे, तेव्हा वारसा तज्ज्ञांनी हरकत घेतली की पुतळे झाकले जातात. वेदी मग हलवली, परत आणली, असं चालू राहिलं, तुम्ही जाल तेव्हा ती तिथे आहे की नाही ते आधी कॅथेड्रलच्या वेबसाइटवर बघून घ्या. माझं मत विचाराल तर वेदी चांगली आहे, कॉयर हा प्रार्थनेसाठीच बांधला होता हा गावकऱ्यांचा मुद्दाही पटतो, पण त्या बारा जणांची एकमेकांवरची नजर अडता कामा नये. ती नजरच तर मास्टरने बांधलीये, भिंती नंतर.